पेडलखालचा बोल्ट

मांजरसुंबा
शुक्रवार, ३ ऑक्टोबर
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे

प्रिय मामा,

आत्ता मी तुमच्या पिकपच्या केबिनमध्ये बसलो आहे. तुमच्या सीटवर नाही, माझ्या. कालच्या दसऱ्याचा झेंडूचा हार आरशाला तसाच आहे. पाच मिनिटांपूर्वी मी हातात पाना घेऊन तुमच्या पेडलपाशी वाकलो होतो. काल घट्ट केलेला एक नट अजून घट्ट आहे का, ते बघत होतो. घट्टच होता. रात्रीही होता. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

हात पुसले आणि वाटलं, हे सगळं तुम्हाला लिहिल्याशिवाय आज काम सुचणार नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. रोज संध्याकाळी पेपर मीच वाचून दाखवायचो ना? तर हे पत्र लिहून झालं की मी काचा वर करणार आणि इथेच मोठ्याने वाचणार. काचा वर कशाला? बाहेर रऊफचाचा आहेत. माणूस रिकाम्या सीटशी बोलताना दिसला तर वर्षभर सोडणार नाहीत ते.

मामा, गाडी सुरू झाली! पहिल्या सेल्फला. आणि गाडीने मला असं कोड्यात टाकलं की विचारू नका. की तुम्हालाच विचारू?

सुरुवातीपासून सांगतो. तुम्ही गेल्यावर पिकप दारातच उभी राहिली. दोन पावसाळे तिने उघड्यावर काढले. इंजिनात पाणी गेलं आणि ते जाम झालं. तुमचा दत्ता, माझा दत्तादादा, पुण्याहून आला की तिच्याकडे बघायचाही नाही. मग उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितलं, "सुदाम, भंगारवाला आलता. भाव चांगला देतोय. आईच्या दारातलं लोखंड जाऊ दे आता."

मी म्हणालो, मी दुरुस्त करतो. तो हसला. तू नंबरप्लेटा रंगवणारा, तू काय इंजिन करणार? खरं होतं ते. नववीत शाळा सोडली तेव्हापासून इथे चौकात गाड्यांच्या मागे अक्षरं रंगवतो आहे. पण माझ्या दुकानाला लागून रऊफचाचांचं गॅरेज आहे आणि माझ्याजवळ थोडी बचत होती. मी हट्ट धरला तेव्हा दादाने अट घातली. "दसऱ्याच्या आत भरली गाडी हा घाट तिसऱ्या गिअरमधी चढली तर ठेव. न्हाई चढली तर भंगारात. मंजूर?"

मंजूर म्हणालो. त्या रात्री झोप आली नाही.

खरं सांगू? मला त्या गाडीवरचा एक डाग पुसायचा होता. तुमची पिकप चाळीसच्या पुढे जात नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मेंढ्यांच्या बाजारात तुम्ही पोचलात की दलाल ओरडायचे, "काय मामा, काल निघालतात का?" आणि तुम्ही पटका सारखा करत म्हणायचा, "न्हाई बे, परवा! वाटंत एक मुक्काम केला." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचा. मला मात्र राग यायचा. बाकीचे पहाटे पाच वाजता निघायचे आणि तुम्ही तीनला. का? तर गाडी म्हातारी, इंजिनात दम नाही. तुम्हीच सांगायचा तसं.

म्हणून ठरवलं होतं, इंजिन असं करायचं की ती दलाल मंडळी बघत राहिली पाहिजेत.

कामाला हात लावण्याआधी मी चाचांना एकच गोष्ट बजावली. इंजिन उघडा, बदला, काय हवं ते करा. केबिनला हात लावायचा नाही. तुमची चुन्याची डबी, सीटच्या फटीत अडकलेली लोकर, पायाखालचं ते काळं रबरी मॅट, सगळं जसं होतं तसं राहिलं पाहिजे. चाचा म्हणाले, "म्यूझियम करतो का बे?" म्हणालो, समजा तसंच.

ही माझी अट लक्षात ठेवा, मामा. तिनेच घोळ केला.

इंजिन साखळीने वर उचललं. इतकी वर्षं ज्याचा आवाज ऐकला ते असं हवेत लोंबकळताना बघवत नव्हतं. पण उघडल्यावर चाचांनी तोंडात बोट घातलं. पिस्टन गंजून चिकटले होते, ते पावसाचं काम. बाकी झीज जवळपास नाहीच! क्रँक, म्हणजे ज्याच्यावर सगळं इंजिन फिरतं तो दांडा, एकदासुद्धा घासून बारीक केलेला नव्हता.

"चाळीस वर्साची गाडी आन् क्रँक कुंवारा!" चाचा मला हाक मारून दाखवत होते. "सुदाम, हे इंजिन कुणी पळवलंच न्हाई. नुसतं फिरायला नेलंय. कावून?"

कावून, का म्हणून, मला काय माहीत? मी म्हणालो, पळतच नव्हतं ते. चाचा डोकं खाजवत म्हणाले, "न पळायला कायतरी बिघाड पाहिजे ना. बिघाड कुठंय?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. मी एकेक भाग रॉकेलने धुऊन कापडावर मांडायचो आणि त्याच्याकडे बघत बसायचो. हा का झिजला नाही? तुम्ही इतका काळ माल वाहिलात, मग हा नवा कसा? नवे पिस्टन घातले. तेलाचा पंप बदलला. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. चाचा म्हणाले, ह्याच इंजिनाला पुढं टर्बो लागून यायचा, जुना मिळतो, बसवू. टर्बो म्हणजे इंजिनाला जास्तीची हवा फुंकणारी चक्की. बसवली. तुम्ही असता तर त्या चक्कीत बोट घालून फिरवून बघितलं असतं की नाही?

सुरू केलं तेव्हा चाचांनी बॉनेटमध्ये वाकून हाताने रेस दिली आणि गॅरेजचा पत्रा थरथरला. समोरच्या ढाब्यावरची माणसं उठून बघायला आली! मी एका बाजूला तोंड करून डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

दत्तादादा नवरात्रात आला. पेंडीची पोती भरली, चाचा मागे पोत्यांवर बसले, दादा माझ्या शेजारी. घाटाला लागलो. वर चढ सुरू झाला आणि गाडी दमली.

"तिसरा टाक की."

"तिसऱ्यातच आहे."

"मंग दाब!"

"पूर्ण दाबलंय दादा."

एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टर, मामा! ट्रॉलीत बसलेल्या बायकांनी हात हलवला. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत वर पोचलो. दादा आधी हसत होता, वर पोचल्यावर हसायचा थांबला. म्हणाला, "तू लई केलंस. पण ही आमच्या अण्णांची गाडी हाय, ही अशीच. उद्या भंगारवाल्याला फोन करतो."

गॅरेजमध्ये परत आलो. चाचांनी पुन्हा बॉनेट उघडून हाताने रेस दिली. पुन्हा पत्रा थरथरला. चाचांनी कपाळावर हात मारला. "हातानं वाघ, पायानं मेंढी! हे काय जादू हाय बे?" त्यांनी फिल्टर बघितला, पंप बघितला, ब्रेक चिकटतात का बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दार उघडून तुमच्या सीटवर बसले आणि स्वतः पेडल दाबलं. पुन्हा दाबलं.

"अबे, हे तर अर्ध्यातच अडतंय."

त्यांनी मॅटला हात घातला. मी पुढे होऊन म्हणालो, "चाचा, मॅट नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅट ठिव न्हाईतर गाडी ठिव."

मॅटच्या कडेला चार स्क्रू होते. मी स्वतः काढले. खाली पत्र्याला एक नट वेल्डिंग केलेला आणि त्यातून वर आलेला, दुसऱ्या नटाने आवळलेला जाड बोल्ट, बरोबर पेडलच्या पाठीमागे. पेडलचा मॅटखालून गेलेला दांडा त्या बोल्टवर आपटून आपटून तिथे रुपयाएवढी जागा चकचकीत झाली होती. एवढं इंजिन उतरवलं, एवढे पैसे घातले, आणि गाडीला अडवणारी वस्तू माझ्या पायाखाली होती! मीच तिला हात लावू देत नव्हतो!

चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला. दादा हसला नाही. मीही नाही. मला एकच प्रश्न पडला होता. हे कुणी केलं आणि कशासाठी?

दादा म्हणाला, "अण्णांनी डिझेल वाचवायला केलं आसंल. कंजूष माणूस."

चाचा म्हणाले, "न्हाई. मेंढरासाठी. उभं जनावर जोरात नेलं की पडतं, पाय मोडतं."

मला दोन्ही पटेना. डिझेल वाचवायचं तर तुम्ही उतारावर इंजिन बंद केलं असतं, बाकीचे करतात तसं. तुम्ही कधी केलं नाही. आणि मेंढरं उतरवून रिकामी गाडी घेऊन येतानाही आपण तितकेच हळू यायचो. मी रोज शेजारी असायचो, मला माहीत आहे.

मग मी टॉर्च लावून बोल्टाकडे नीट बघितलं. त्याच्या आट्यांमध्ये, म्हणजे गोल फिरत गेलेल्या खाचांमध्ये, जुनं ग्रीस होतं आणि त्या ग्रीसमध्ये काळपट लाल रेघा. एक इथे, एक तिच्या एक आटा वर, एक अजून वर. नखाने खरवडून वास घेतला. कुंकू होतं, मामा! बोल्टाला कुंकू! म्हणजे दसरा. म्हणजे गाडीची पूजा झाली की तुम्ही मॅट उचलून ह्यालाही लावत होतात. आणि दर दसऱ्याला बोल्ट वेगळ्या जागी होता. आधी बराच वर, मग हळूहळू खाली. तुम्ही त्याला दरवर्षी एक आटा उतरवत होतात! पेडलला तेवढी जास्त जागा. गाडीला तेवढा जास्त वेग.

कावून?

मामीला विचारायला मी आणि दादा घरी गेलो. मामी ओसरीत भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. मी बोल्टाचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"सापडला व्हय," म्हणाली.

"मामी, तुला माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुणाला? तुला काय आठवनार, तू सात वर्साचा व्हतास."

वडील जिच्या अपघातात गेले ती प्रवासी जीप मला आठवत नाही. मी तिच्यात मागच्या सीटवर होतो असं लोक सांगतात. मला काहीच आठवत नाही, आणि मामीने पुढे जे सांगितलं तेही आठवत नाही. त्यानंतर तुम्ही मला घेऊन घरी यायला निघालात. गेवराईच्या सरळ रस्त्याला गाडीने वेग घेतला आणि मी किंचाळायला लागलो. दार उघडून उडी टाकायला गेलो. तुम्ही एका हाताने माझा शर्ट धरला आणि गाडी बाभळीखाली घेतली. मग अंधार पडेपर्यंत तिथे बसून राहिलात.

"दुसऱ्याच दिशी जाऊन तो बोल्ट बसवून आले," मामी म्हणाली. "मी म्हनलं, बोल्ट कशाला, हळू चालवा की. तर म्हनले, माझ्या पायाचा भरवसा न्हाई. बाजाराची घाई आली की पाय आपोआप दाबतोय. आन् तुला सांगितलं, ही गाडी म्हातारी हाय, पळतच न्हाई, भिऊ नगंस. मंग तू बसलास."

मामा, मी खरंच बसलो. दुसऱ्या कुठल्याही गाडीत आजही माझ्या हातांना घाम येतो. एसटीत मी डोळे मिटून बसतो. फक्त तुमच्या गाडीत कधी भीती वाटली नाही, तिच्यातच मी चालवायला शिकलो. मला वाटायचं, इंजिनात दम नाही म्हणून बरं आहे!

आणि ते शेवटचं. तुम्हाला अंबाजोगाईला नेलं तेव्हाचं. अॅम्ब्युलन्स पळत होती, तुम्ही आडवे, मी बाकड्यावर. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणालात, "ड्रायव्हर, हळू घे रे." आम्हाला वाटलं तुम्हाला धक्के सोसत नाहीत. ड्रायव्हरने ऐकलं नाही, त्याचं बरोबरच होतं. पण मग तुम्ही माझ्या मनगटाला धरून ठेवलंत ते दवाखान्याच्या दारापर्यंत. मामा, ते तुमच्यासाठी नव्हतंच का? दोन वर्षं मी समजत होतो की मी तुम्हाला धीर देत होतो.

दादा तिथे उभाच होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हंजे ह्याच्यासाठी?" तो मामीला म्हणाला. "शाळेत मला कासवाचं पिल्लू म्हनायचे. दोघा-तिघांशी मारामारी केली मी ह्या गाडीपायी. मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं आसतं तर तू भांडनात ह्याला बोलून दाखवलं आसतंस," मामी म्हणाली आणि पुन्हा शेंगा तोडायला लागली.

तरी माझी ही एक तक्रार आहेच, मामा. दादाचं बरोबर आहे. त्याला नाही तर निदान मला, मी मोठा झाल्यावर, एखाद्या दिवशी सांगता आलं नसतं? की तुमचं म्हणणं होतं, बोल्ट तळाला पोचला की आपोआपच कळेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बोल्ट तळापर्यंत खाली घेतला. पोती तशीच भरलेली होती. दादा आला आणि म्हणाला, "सरक. आज मी चालवतो."

घाट लागला. तिसरा गिअर. मामा, काय सांगू! टर्बोची बारीक शिट्टी वाजायला लागली आणि गाडी अशी वर निघाली की मागून चाचा ओरडले. चाळीस. पन्नास. एका ट्रकला आम्ही ओलांडलं. वर सपाटीला आलो तेव्हा काटा साठच्याही पुढे गेला. मी अट जिंकलो होतो, गाडी वाचली होती, मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे दोन्ही हात डॅशबोर्डवर कधी गेले मला कळलं नाही. रस्ता दिसेनासा झाला. तोंडातून आवाज काढायचा नाही एवढंच मी धरून बसलो.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज उतरला. काटा खाली यायला लागला. मला वाटलं, गेलं! पुन्हा जाम झालं!

"काय झालं इंजिनाला?"

मी खाली बघितलं. दादाचा पाय पेडलवरून उचललेला होता. तो समोर रस्त्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"इंजिनाला काय न्हाई," तो म्हणाला. "मलाच घाई न्हाई."

गाडी चाळीसवर येऊन स्थिर झाली. मी डॅशबोर्डवरचे हात खाली घेतले. मग त्याने खिशातून फोन काढून माझ्या मांडीवर टाकला. "भंगारवाल्याला लाव. म्हनाव, दुसरं दार बघ."

काल दसऱ्याला मामीने गाडीची पूजा केली. सगळं झाल्यावर मी मॅट उचललं आणि बोल्ट परत तुमच्या शेवटच्या खुणेपर्यंत वर आणला. चाचा बघत होते. "टर्बो लावून वर बोल्ट लावनारा दुनियेत पैलाच तू!" दादा म्हणाला, "आता परत कशाला?" मी म्हणालो, इंजिनाचं काम झालं, माझं चालू आहे.

मग त्या खुणेपासून एक आटा खाली घेतला. नट आवळला. कुंकू लावलं. तुम्ही लावत होतात बरोबर तसंच, पेडलच्या बाजूने.

आज सकाळी पेपर आणायला तिकडच्या कोपऱ्यापर्यंत गाडी नेली. फरक कळलासा वाटला. का उगीच वाटलं? दरवर्षी दसऱ्यानंतर तुम्ही माझ्याकडे चोरून बघायचा का, मला कळतंय का म्हणून?

मामा, शब्द देतो. दर दसऱ्याला एक आटा, ना कमी ना जास्त, बोल्ट तळाला टेकेपर्यंत. आणि तोवर थांबून राहणार नाही. मामी आजवर दादाच्या पुण्याच्या घरी गेलेली नाही, ह्या दिवाळीला मी तिला ह्याच गाडीतून नेणार आहे. बाकीचे पाच-सहा तासांत पोचतात. आम्हाला जास्त लागतील. आम्ही तुमच्यासारखे लवकर निघू. वाटेत कुणी विचारलं, काल निघालतात का, तर काय म्हणायचं ते मला पाठ आहे.

तुमच्या शेजारच्या सीटवरचा,
सुदाम

ता. क. बाजारातून परत आलो की तुम्ही आधी म्हणायचा, "हं, हिशोब बोल." तर हिशोब. इंजिन, टर्बो आणि मजुरी मिळून एक्क्याण्णव हजार चारशे. माझी बचत अठ्ठावन्न हजार. दादाने काल न सांगता चुन्याच्या डबीखाली ठेवलेले पंधरा हजार. रऊफचाचांचं देणं अठरा हजार चारशे. बोल्टाचे उरलेले आटे, सहा.